प्रभात गेली, कोल्हापूर थांबलं नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप गटांतून आला. पहिल्या तीन वेळा सोडून दिला. चौथ्या वेळी तो माझ्या भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, हे खरं आहे का?” ती पुण्यात शिकते. तिच्या मैत्रिणींमध्ये कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला होता आणि कोल्हापूरची पोरगी म्हणून हिच्याकडे सगळ्यांनी बघितलं. मग मात्र उत्तर लिहायला बसलो.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. कोल्हापूरला मराठी चित्रपटांचं माहेरघर म्हणतात ते उगाच. तिथे सिनेमा आला तो १९२९ मध्ये प्रभातबरोबर. महाराजांच्या पैशावर चार वर्षं चालला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि कोल्हापुरातलं चित्रीकरण तिथेच संपलं. जे काही झालं ते स्टुडिओच्या भिंतींआड झालं, गाव आणि गावची माणसं पडद्यावर कधी आलीच नाहीत. आणि आज दाखवायला म्हणाल तर एकही पुरावा उरलेला नाही.

यातली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. बाकीची विधानं एकेक करून घेतो.

‘सुरुवात प्रभातपासून झाली’

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली. भागीदार पाच: विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. यातल्या पहिल्या चौघांना चित्रपट काढता येत होता, आणि तो त्यांना शिकवला कुणी, एवढा एक प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःला विचारला असता तर पुढचं सगळं लिहायची वेळ आली नसती. चौघेही महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले होते. ती कंपनी कोल्हापुरातलीच, १९१७ च्या डिसेंबरात सुरू झालेली, आणि तिचे धनी बाबूराव पेंटर.

बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म १८९० चा. घरात सुतारकाम, ओतकाम, मूर्तिकाम, चित्रकाम असं सगळंच हाताचं काम. त्यांनी आणि नात्यातले थोरले आनंदराव यांनी नाटक मंडळींचे पडदे रंगवायला घेतले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांची त्या काळात फार वाहवा झाली. पडदा वर गेला की लोक आधी पडद्याला टाळ्या द्यायचे, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत.

फाळक्यांचा चित्रपट बघून या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. कॅमेरा परदेशी यायचा आणि त्याला लागणारा पैसा हाताशी नव्हता. तेव्हा त्यांनी तो स्वतः बनवायचं ठरवलं.

हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यात काय आहे ते दिसेनासं झालंय. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सलग सरकून चालत नाही. ती भिंगासमोर येऊन क्षणभर गप्प उभी राहिली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे, मग पट्टी बरोबर एक चौकट पुढे जाऊन पुन्हा थांबली पाहिजे. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा. पट्टीच्या कडेच्या भोकांत शिरणारा दात केसभर जरी चुकला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. चाकं, दाते, झडप, सगळं कोल्हापुरात कातून, घासून, जुळवून बसवायचं होतं. आनंदराव १९१६ मध्ये गेले तेव्हा काम अर्धवट होतं. बाबूरावांनी दामल्यांना बरोबर घेऊन ते पुरं केलं, आणि त्या कॅमेऱ्यावर चित्रपट काढले.

‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याला आर्यन थिएटरमध्ये लागला. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की प्रेक्षक हादरले आणि ते पुढे कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर. म्हणजे प्रभातची पाटी लागायच्या नऊ वर्षं आधी कोल्हापुरात काढलेला चित्रपट पुण्यात गाजून गेला होता.

बाबूरावांचं खरं मोठेपण मला कॅमेऱ्यापेक्षाही दुसऱ्या गोष्टीत दिसतं. ज्या माणसाचं नाव पडदे रंगवण्यावर झालं, त्याने सिनेमात रंगवलेले पडदे नाकारले. दरबार हवा तर दरबाराचे खांब उभे केले, झोपडी हवी तर झोपडी बांधली. पोशाखांची, दृश्यांची चित्रं आधी कागदावर काढली. ‘सिंहगड’साठी १९२३ मध्ये कृत्रिम उजेड वापरला. ‘कल्याण खजिना’ची १९२४ मधली पोस्टरं स्वतःच्या हाताने केली. आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला, जिथे देव नाहीत, राजे नाहीत, एक शेतकरी आहे. सावकार त्याची जमीन गिळतो आणि त्याला शहरात गिरणीवर जावं लागतं. तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं होतं. त्या चित्रपटातली अंधारलेली झोपडी आणि तिच्यासमोर भेसूर रडणारं कुत्रं ज्यांनी पाहिलं ते आयुष्यभर विसरले नाहीत. देशभर पौराणिक कथांची लाट असताना करवीरच्या रानातलं दारिद्र्य पडद्यावर आणायचं धाडस इथे झालं. प्रभातच्या चार वर्षं आधी.

आमच्या बाजूची एक चूकही इथेच दुरुस्त करतो. अभिमानाच्या भरात काही कोल्हापूरकर भारतातला पहिला चित्रपट इथे झाला असं ठोकून देतात. तसं नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ फाळक्यांचा, १९१३ चा, मुंबईचा. ते श्रेय त्यांचं आहे आणि त्याला हात लावायचं काही कारण नाही. कोल्हापूरचं जे आहे ते एवढं मोठं आहे की दुसऱ्याचं उचलावं लागत नाही.

‘सगळा खेळ महाराजांच्या पैशाचा’

संस्थानाची मदत झाली, हे कुणीच नाकारत नाही. शाहू महाराजांनी बाबूरावांच्या पाठीवर हात ठेवला होता. पण महाराज ६ मे १९२२ ला गेले आणि कंपनी त्यानंतर आठ-नऊ वर्षं चित्रपट काढत राहिली. सुरुवातीचं भांडवल कुणी दिलं ते तर या मजकुरात कुठेच नाही. ते दिलं तानीबाई कागलकरांनी. त्या गायिका. ज्या काळात बायकांनी सिनेमात काम करायचं म्हटलं तरी घरचे तोंड फिरवत, त्या काळात एका बाईने, स्वतःच्या गाण्यावर मिळवलेला पैसा, कधी न बघितलेल्या धंद्यात घातला. याच कंपनीच्या पहिल्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई उभ्या राहिल्या, आणि कंपनीने त्यांना कमलादेवी, सुशीलादेवी अशी नावं दिली. ‘राजाश्रय’ हा एक शब्द लिहिला की या तिघी पुसल्या जातात. मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

प्रभातच्या पाच जणांत पैशाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत होते. तेही राजे नव्हते.

दरबाराने खऱ्या अर्थाने उडी घेतली ती नंतर, १९३३ मध्ये. राजाराम महाराजांच्या पाठबळावर कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. पण ती प्रभात गेल्यावर. त्यामुळे पैसा राजाचा होता म्हणायचं आणि सिनेमा १९३३ ला संपला असंही म्हणायचं, हे दोन्ही एकाच मजकुरात बसत नाही.

‘१९३३ नंतर चित्रीकरण संपलं’

हा मजकुराचा मुख्य मुद्दा, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रभात का गेली हे समजायला मूकपट आणि बोलपट यांतला फरक बघावा लागतो. मूकपट उघड्यावर होत. मोकळ्या मंचावर देखावा उभारायचा, डोक्यावर पांढऱ्या कापडाचं छत ताणायचं म्हणजे ऊन मवाळ होतं, बाजूने चकचकीत फळ्या धरून तोंडावर उजेड टाकायचा. ढग आला की काम थांबलं. बाहेर कुणी ओरडलं, बैलगाडी गेली, कावळा बसला तरी फरक पडत नव्हता. बोलपट आल्यावर हे सगळं उलटं झालं. आता कावळाही ऐकू येणार. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा बोलपट, १९३२ चा, दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे यांचा, कोल्हापुरातच झाला. त्या अनुभवानंतर कंपनीला मोठा, बंदिस्त, आवाजाला धरून बांधलेला स्टुडिओ हवा होता आणि मुंबईच्या बाजारपेठेजवळ जायचं होतं. त्यांनी पुणे निवडलं आणि तिथे फार मोठं काम केलं. त्यांच्या जाण्याला कुणी वाईट म्हणू नये. दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ पुण्यात केला, पण ते हात कोल्हापुरात घडले होते.

मग मागे काय राहिलं? कोल्हापूर सिनेटोनने १९३४ मध्ये भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘आकाशवाणी’ काढला. १९३५ मध्ये मास्टर विनायकांचा ‘विलासी ईश्वर’. शोभना समर्थ पडद्यावर पहिल्यांदा आल्या त्या इथे. त्याच वर्षी शालिनी सिनेटोनमध्ये बाबूराव पेंटरांनी ‘उषा’ केला, आणि पुढच्या वर्षी आपला ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा. १९३६ मध्येच मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स सुरू केली आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवर ‘छाया’ काढला. ही प्रभात गेल्यानंतरची फक्त पहिली तीन वर्षं आहेत.

आणि आता १९३७. ज्याला हा एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल त्याने हा ठेवावा. दादासाहेब फाळक्यांनी बोलपट म्हणून एकच चित्रपट केला, ‘गंगावतरण’. तो त्यांचा शेवटचा. केला कोल्हापूर सिनेटोनसाठी. ज्या माणसाचं काम बघून आनंदराव आणि बाबूराव यांनी कॅमेरा बनवायला घेतला होता, तो माणूस सदुसष्टाव्या वर्षी आपला शेवटचा चित्रपट करायला कोल्हापूरच्या कंपनीकडे आला. चित्रीकरण संपलेल्या गावात फाळके कशाला आले असते?

पुढे सिनेटोनचा तोच स्टुडिओ भालजींनी घेतला आणि त्याचा जयप्रभा झाला. १९४६ च्या ‘वाल्मीकी’त पृथ्वीराज कपूर वाल्मीकी होते आणि नारद होता कोवळा राज कपूर. नायक म्हणून तो पडद्यावर आला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

जयप्रभा संपू शकला असता असा एक क्षण मात्र खरंच आला, पण तो १९३३ चा नव्हे. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तिच्यात हा स्टुडिओ जळाला. देखावे, सामान, फिल्मा, सगळं. त्या काळातली फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. भालजी तेव्हा पन्नाशीला आलेले. कर्ज अंगावर. त्यांनी तो पुन्हा उभा केला. १९४९ मध्ये ‘मीठ भाकर’ आला, १९५२ मध्ये ‘छत्रपती शिवाजी’, ज्यात महाराजांच्या भूमिकेत कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे होते. १९६३ ला ‘मोहित्यांची मंजुळा’, १९६४ ला ‘मराठा तितुका मेळवावा’, १९६५ ला ‘साधी माणसं’. शेवटच्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६९ च्या ‘तांबडी माती’लाही मिळाला, आणि त्यातून दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले. सुलोचनादीदी घडल्या त्याही भालजींच्याच कंपनीत.

‘साधी माणसं’बद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ही एका लोहाराची आणि त्याच्या बायकोची कथा. सूर्यकांत आणि जयश्री गडकर. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने तिला संगीत दिलं आणि जगदीश खेबुडकरांनी ऐरणीचं ते गाणं लिहिलं. भाता, ठिणग्या, लाल झालेलं लोखंड आणि त्यावर पडणारा घण यांतूनच त्या गाण्याची लय येते. लोखंड घासून कॅमेरा बनवणाऱ्यांच्या गावात लोहाराच्या भट्टीवरचं गाणं व्हावं, हे मला आजही फार जवळचं वाटतं.

भालजींना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तीन वर्षांनी ते गेले. शेवटपर्यंत ते कोल्हापूरचेच राहिले.

‘सगळं भिंतींआड, गाव कधी दिसलंच नाही’

हे लिहिणाऱ्याने कोल्हापूरचा नकाशा एकदा पाहावा. पन्हाळा वीस किलोमीटरवर. जोतिबाचा डोंगर त्याच वाटेवर. गावाला लागून पंचगंगेचा दगडी घाट, दुसऱ्या टोकाला रंकाळा. बाहेर पडलं की ऊस, भात, मळे, गुऱ्हाळं. पश्चिमेला तासा-दीड तासावर गगनबावड्याचा घाट आणि जंगल. ऐतिहासिक चित्रपटाला किल्ला लागतो, पौराणिक चित्रपटाला नदी आणि देऊळ लागतं, ग्रामीण चित्रपटाला गाव लागतं. सकाळी निघून संध्याकाळी घरी जेवायला येता येईल एवढ्या अंतरात हे सगळं इथे होतं. मुंबईच्या कंपनीला यासाठी गाड्या भरून बाहेर पडावं लागायचं.

डोंगर-नदीपेक्षाही मोठी गोष्ट माणसांची. लढाई दाखवायची तर अंगापिंडाने मजबूत शे-दोनशे माणसं कुठून आणायची? इथे पेठेपेठेत तालीम. गंगावेस, मोतीबाग, काळा इमाम. पहाटे जोर-बैठका मारणारी पोरं दिवसा अंगरखा घालून मावळे होत. घोड्यावर बसता येणारे, दांडपट्टा फिरवता येणारे लोक शहरात होते, कारण ते त्यांच्या घरातलंच होतं. कपड्यांची गोष्ट तशीच. फेटा बांधणारा, चपला शिवणारा, साज-ठुशी घडवणारा सोनार, सगळे एका हाकेवर. मुंबईत जे वेशभूषेच्या कोठीतून भाड्याने आणायचं ते इथे माणसं रोज अंगावर घालत होती.

आणि भाषा. मराठी ग्रामीण चित्रपटातला पाटील, कारभारी, पैलवान, सून ज्या बोलीत बोलतात ती पडद्यावर आली कुठून? लिहिणारे, बोलणारे, बोलायला लावणारे इथले होते. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या प्रेक्षकालाही सिनेमातलं ‘गाव’ म्हटलं की कोल्हापूरकडचा हेल ऐकू येतो. त्यात त्या भागांवर थोडा अन्याय झाला, हेही मान्य करतो. त्यांच्या बोली पडद्यावर यायला फार उशीर लागला. पण गाव पडद्यावर आलंच नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने डोळे मिटून एखादा जुना चित्रपट नुसता ऐकावा.

आमच्या घरात या सगळ्याचं एक माणूस होतं, माझे आजोबा. शिवाजी पेठेत राहायचे, तालमीत जायचे, दिवसा शिंप्याच्या दुकानात बसायचे. भालजींच्या चित्रपटांत ते तीन-चार वेळा मावळ्यांच्या गर्दीत उभे राहिले. आमच्या घरात ‘सिनेमा’ असा शब्दच नव्हता. सगळे ‘कंपनी’ म्हणायचे. “आज कंपनीचा ट्रक येणार हाय” म्हणजे पहाटे चारला उठायचं, आजीने भाकरी-पिठलं फडक्यात बांधून द्यायचं, आणि पन्हाळ्याला जायचं. संध्याकाळी परत आले की अंगाला सगळीकडे तांबडी धूळ आणि गालावर चिकटवलेल्या कल्ल्यांचा डिंक. आजी गरम पाण्याने तो सोडवायची आणि दर वेळी म्हणायची, “येवढा मार खाऊन आलासा, दिसलासा का तरी?” आजोबा म्हणायचे, “दिसंल की. पाठमोरा दिसंल.”

तोच प्रकार आजही चालू आहे, फक्त पडदा लहान झालाय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेचं चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात झालं. मालिका जोरात असताना मी एका रविवारी पाहुण्यांना घेऊन तो वाडा बघायला गेलो. सोलापूर, नगर, नाशिकच्या गाड्या लागलेल्या. बायका उंबऱ्याबाहेर चपला काढून आत जात होत्या, जसं पाहुण्यांच्या घरी जातात. एक म्हातारी जोत्यावर बसली आणि नातवाला म्हणाली, “हितंच बसतोय बघ तो.” गावातल्या पोरांनी चहाच्या, उसाच्या रसाच्या गाड्या टाकल्या होत्या. चित्रीकरण संपलेल्या शहरात असं होत नाही.

‘दाखवायला पुरावा काय?’

या प्रश्नाला मी चिडून उत्तर देणार नाही, कारण त्यात दुखरी जागा आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक सगळे चित्रपट नाहीसे झाले. ‘सैरंध्री’ नाही, मूक ‘सावकारी पाश’ नाही. १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही तुकडे तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. नायट्रेटची फिल्म नीट ठेवली नाही तर चिकट होते, मग तिचा भुगा होतो, नाहीतर ती पेट घेते. मूकपट गेल्यावर त्यांना कवडीचीही किंमत राहिली नाही, आणि त्यातली चांदी काढून घ्यायला त्या विकल्याही गेल्या. हे देशभर झालं. पण फिल्म उरली नाही म्हणून ती काढलीच नव्हती, असं होत नाही. त्या काळच्या जाहिराती, पोस्टरं, परीक्षणं, आणि पुढे ज्यांना सगळा देश ओळखू लागला अशा माणसांच्या आठवणी, सगळ्यांत कोल्हापूर आहे.

शहरात फिरून बघायचं असेल तर खरी कॉर्नरला जा. तिथे बाबूरावांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. आम्ही त्याला कॅमेरा स्तंभ म्हणतो. दरवर्षी १ डिसेंबरला, कंपनीच्या स्थापनेच्या दिवशी, तिथे माणसं जमतात आणि हार घालतात. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात नाही, कोल्हापुरात आहे. मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी आहे. ती कित्येक वर्षं ओस पडली होती. अलीकडे तिथे पुन्हा देखावे उभे राहू लागलेत आणि रात्री दिवे दिसतात.

जयप्रभाचं मात्र दुःख आहे. ती जागा राहावी म्हणून २०२२ मध्ये इथले कलाकार, तंत्रज्ञ, मेकअपवाले, लाइटवाले साखळी उपोषणाला बसले होते. सत्तरी ओलांडलेले लोक उन्हात सतरंजीवर बसलेले मी पाहिलेत. एक जण मला सांगत होते, पहिली मजुरी याच आवारात मिळाली, खिळे गोळा करायची. देखावा मोडला की जुने खिळे वेचायचे, सरळ ठोकायचे आणि पुढच्या देखाव्याला वापरायचे. मग ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं. त्या रात्री अर्धं शहर रस्त्यावर उभं होतं आणि मोठी माणसं उघडपणे रडत होती. पुरावा मागणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आमच्याकडे पुरावा होता. तो जळत गेला, विकला गेला, पाडला गेला. आणि असे मजकूर पसरले की उरलेलं वाचवायला कुणी पुढे येत नाही. जिथे काही घडलंच नाही ती जागा कशाला राखायची, असं लोक विचारतात. म्हणून हे सगळं लिहिलं.

भाचीला मी फोनवर यातलं निम्मंच सांगितलं. बाकीचं दिवाळीत आली तेव्हा दाखवलं. आजोबांच्या ट्रंकेत, धोतरांच्या खाली, पिवळा पडलेला एक फोटो आहे. तटबंदीपाशी पंधरा-वीस मावळे ओळीने उभे आहेत, काही हसतायत. डावीकडून चौथे आजोबा, कल्ले चिकटवलेले, हातात लाकडी तलवार. मागच्या बाजूला शाईने दोनच शब्द: ‘कंपनी, पन्हाळा’. साल नाही, चित्रपटाचं नाव नाही. पोरीने तो फोटो दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपून घेतला. आता ती आणि मी भालजींचे जे चित्रपट मिळतील ते एकेक करून बघतोय आणि लढाई आली की थांबवून, पाठमोऱ्या माणसांत आजोबांना शोधतोय. कोल्हापुरात, कागलला, गडहिंग्लजला, इचलकरंजीला अजून किती ट्रंकांत असे फोटो असतील. तुमच्या घरी असेल तर तो बाहेर काढा, मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा, आणि घरात जे कुणी म्हातारं माणूस असेल त्याला विचारून सगळ्यांची नावं लिहून ठेवा. शाईने नको, पेन्सिलीने. शाई पलीकडे उतरते.